आरशाच्या कडा काळ्या पडू नयेत म्हणून

बाथरूममधल्या आरशाच्या कडा काळ्या पडल्या की बहुतेक जण तो काढून आमच्याकडे आणतात आणि विचारतात, "पारा उडालाय, परत लावून मिळेल का?" मिळत नाही, कारण त्यात पारा नसतोच.

पाऱ्याचे आरसे पूर्वी होते. सपाट टेबलावर कथलाचा पातळ पत्रा अंथरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवत आणायची आणि वजनं ठेवून जास्तीचा पारा निथळू द्यायचा. सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर यात तरबेज होते, पण पाऱ्याच्या वाफेने कामगारांची तब्येत खलास व्हायची. 1835 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिख यांना दिसलं की चांदीच्या क्षाराच्या द्रावणात अल्डिहाइड नावाचं सेंद्रिय रसायन घातलं की काचेवर शुद्ध चांदीचा चकचकीत थर बसतो. त्यातूनच पुढे चांदीचे आरसे आले.

आजही तेच तत्त्व वापरतात. काच धुऊन त्यावर सिल्व्हर नायट्रेट आणि चांदी मोकळी करणारं दुसरं द्रावण एकाच वेळी फवारतात. जो थर बसतो तो साधारण 100 नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट पातळ. त्याच्या रक्षणासाठी मागे अनेकदा तांब्याचा थर आणि वर रंगाचे हात असतात. समोरून काच, मागून रंग, म्हणून चांदी सुरक्षित राहते. उघडी राहते ती फक्त कापलेली कड, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

आता मुख्य चूक. आरसा पुसताना क्लीनरची बाटली थेट आरशावर मारतात. थेंब ओघळत खाली येतात आणि खालच्या कडेला लोंबत राहतात. केशाकर्षणाने ते पाणी काच आणि रंग यांच्यामधल्या बारीक फटीत ओढलं जातं. क्लीनरमध्ये अमोनिया असेल तर तो आधी तांबं खातो, मग चांदी उघडी पडते. हवेतला गंधक आणि ब्लीचमधला क्लोरीन उरलेलं काम करतात. सुरुवातीला कडेवर तपकिरी रेघ दिसते, मग काळे ठिपके, मग नकाशासारखा पसरत जाणारा डाग. वरची कड बहुधा शाबूत आणि खालची काळी, असं असेल तर कारण हेच समजा.

फवारा कापडावर मारा, आरशावर नाही. मऊ, जेमतेम ओलं कापड पुरतं, साध्या पाण्याचंही चालतं. शेवटी कोरडं कापड खालच्या कडेवरून एकदा फिरवा. हा शेवटचा हात बहुतेक घरांत राहून जातो. पाण्याचे पांढरे डाग असतील तर पाणी घातलेलं व्हिनेगर कापडावर घेऊन फक्त मधल्या भागात वापरा, कडांपासून चार बोटं लांब, आणि लगेच साध्या पाण्याने पुसा. टाइल्सवर ॲसिड टाकायचं असेल तेव्हा खिडकी उघडी ठेवा, कारण त्याची वाफसुद्धा चांदीला पुरते.

डाग कडेला नसून मध्येच आला असेल तर दोष बसवण्यातला. आरसा चिकटवायच्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि ते रंगातून आत झिरपतं. आम्ही न्यूट्रल सिलिकॉन वापरतो, तेही उभ्या पट्ट्यांत, म्हणजे मागे हवा खेळते. बेसिनच्या ओट्यावर आरसा टेकवत नाही, खाली किमान 3 मिमी फट ठेवतो. "फट दिसते, भरून टाका" असं कोणी म्हटलं तरी आम्ही भरत नाही. कापल्यावर कडा घासून सीलर लावतो आणि तो सुकू देतो, म्हणून आरसा त्याच दिवशी हातात मिळत नाही.

जुन्या आरशावर पुन्हा चांदी चढवायची तर मागचा रंग खरवडून, उरलेली चांदी आम्लाने काढून, काच पुन्हा धुऊन सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नक्षीदार जुनी काच असेल तर ते करण्यात अर्थ आहे. साध्या आरशाला त्यापेक्षा नवा स्वस्त पडतो. डाग इंच-दीड इंचाचाच असेल तर ती पट्टी कापून टाकतो किंवा झाकेल अशी फ्रेम बसवतो. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच मात्र कापता येत नाही.

नवा घेताना फार मोठा मागू नका. डोक्यापासून पायापर्यंत दिसायला उंचीच्या निम्मा आरसा पुरतो आणि मागे सरकल्याने त्यात फरक पडत नाही. 170 सेंमी उंचीच्या माणसाला 85 सेंमी बास. वरची कड डोळे आणि माथा यांच्या मधोमध यायला हवी. जाडी मात्र 5 मिमी घ्या, 3 मिमीची काच भिंत असमान असली की वाकते आणि चेहरा ओढल्यासारखा दिसतो.

दोन भिंतींच्या मधे बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली, तर उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजून आणा. आम्ही सर्वांत कमी माप धरतो आणि प्रत्येक बाजूला 3 मिमी सोडतो.