बोक्याच्या पोटातलं पिवळं पाणी

मे महिन्यात अमळनेरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की आमच्याकडे सगळ्या दुखण्यांचं निदान एकच असतं. आठ महिन्यांच्या बोक्यानं दूध सोडलं तेव्हा शेजारच्या काकूंनीही तेच सांगितलं, "त्याले ऊन लागनं व्हई." आठवड्यानं पाठीची हाडं हाताला टोचू लागली आणि पोट मात्र मडक्यासारखं फुगलं. मग सगळ्यांचं मत जंतांवर आलं.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटात सुई घालून पाणी काढलं. पातळ मधासारखं पिवळं. दोन बोटांत घेतलं तर तार सुटेल इतकं चिकट. केसपेपरवर त्यांनी 'एफआयपी' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

एफआयपी म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस. हा आजार मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होतो. (कोविडच्या विषाणूशी त्याचं नातं दूरचं आहे, आणि तो माणसाला होत नाही.) हा विषाणू विष्ठेतून पसरतो, त्यामुळे जिथे चार मांजरं एकत्र राहतात तिथे तो असतोच. आमचा बोका कापसाच्या गोदामात जन्मलेला, म्हणजे विचारायलाच नको. बहुतेक मांजरांना त्यानं फार तर चार दिवस जुलाब होतात. पण शंभरातल्या पाच-दहा मांजरांत विषाणू आपलं रूप बदलतो, आतड्यातून निघून रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्यांच्यावर स्वार होऊन अंगभर फिरतो. रक्तवाहिन्या सुजून पाझरू लागतात. पोटातलं पाणी ते हेच.

खरी अडचण इथेच आहे. कोविडनं आपल्याला सवय लावली, की नाकात काडी घातली म्हणजे हो किंवा नाही कळतं. मांजराच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं, की कोरोनाशी त्याची कधीतरी गाठ पडली होती. ती तर गोदामातल्या धडधाकट मांजरांचीही पडलेली असते. तेवढ्या एका कागदावर एफआयपीचा शिक्का मारणं मला तरी गुन्हा वाटतो.

मग डॉक्टर पुरावे जमवत बसतात. आमच्यासमोर त्यांनी काचेच्या नळीत आठ मिली डिस्टिल्ड वॉटर घेतलं, त्यात तीव्र अ‍ॅसिटिक आम्लाचा एक थेंब हलवून मिसळला आणि वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडला. थेंब विरघळून नाहीसा झाला असता तर एफआयपीची शक्यता बरीच कमी झाली असती. तो विरघळला नाही. छोट्या जेलीसारखा आकार धरून, मागे शेपूट सोडत सावकाश तळाशी गेला. ही रिव्हाल्टा चाचणी. इटलीतल्या रिव्हाल्टा नावाच्या संशोधकानं ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी माणसांसाठी शोधली. खर्च जवळपास शून्य. पण पोटात जिवाणूंचा पू झाला किंवा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असला तरी थेंब असाच वागू शकतो.

त्या पाण्यातल्या अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांचं गुणोत्तर माणसांच्या लॅबमधून काढून आणलं. ते ०.८ च्या वर असेल तर एफआयपी सहसा नसतो, ०.४ च्या खाली असेल तर संशय बळावतो. आमचं ०.३ आलं. पक्कं उत्तर हवं असेल तर आतल्या अवयवाचा तुकडा काढून पेशींमध्येच विषाणू दाखवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी भूल अशा खंगलेल्या जिवाला झेपेलच असं नाही. शिवाय आमच्या बोक्याला निदान पाणी तरी झालं होतं. 'कोरड्या' प्रकारात तेही नसतं. डोळ्याचा रंग बदलतो, चाल अडखळते, आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात.

पूर्वी हे निदान म्हणजे मृत्युदंडच होता. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नील्स पेडरसन यांच्या गटानं जीएस-४४१५२४ हे औषध ३१ मांजरांना दिलं. त्यांतली २५ दीर्घकाळ जगली. तेव्हापासून उपचार हाच एक पुरावा होऊन बसला आहे. औषध लागू पडलं तर बहुधा काही दिवसांतच ताप उतरतो.

आमच्या बोक्याचा तिसऱ्या दिवशी उतरला. ८४ दिवसांचा कोर्स पुरा झाला, आता तो धाब्यावर चढून कबुतरांमागे लागतो. केसपेपर मी जपून ठेवलाय. प्रश्नचिन्ह डॉक्टरांनी खोडलेलं नाही.