कागदासाठी लावलेली ट्यूब

बेळगावातल्या, खानापुरातल्या किंवा निपाणीतल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात दुपारी चारला जाऊन बसा. दार रस्त्याकडे उघडे, ट्यूब छताच्या मधोमध, आणि टाइप करणारा दाराकडे पाठ करून भिंतीसमोर. काम लग्नपत्रिकेचे असो की जमिनीच्या दाव्यातल्या अर्जाचे, बाहेरचे ऊन स्क्रीनवर पसरते आणि तो मान तिरकी करून अनुस्वार शोधतो. आमच्या भागात एकच माणूस सकाळी मराठी आणि दुपारी कन्नड टाइप करतो. कन्नडची जोडाक्षरे ओळीखाली बारीक आकारात बसतात, मराठीचे रफार वर. स्क्रीन फिकी पडली की आधी हीच बारीक चिन्हे हरवतात.

ही बैठक संगणकाच्या आधीची आहे. ती कागदाची आहे. कागद स्वतः उजळत नाही, त्यामुळे कारकुनाच्या टेबलावर उजेड वरून किंवा डाव्या हाताकडून घ्यायचा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. बारीक कामाने नजर अधू होते हे इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांविषयीच्या ग्रंथात नोंदवले होते. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये वेस्टन या संशोधकाने प्रयोगांतून दाखवले की अक्षर जितके लहान आणि पुसट, तितका जास्त उजेड मिळाल्यावर काम सुधारते. मग कार्यालये उजळत गेली. अमेरिकेत साठच्या दशकापर्यंत टेबलावर १००० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) शिफारस होती.

त्या लख्ख खोल्यांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्क्रीन आल्या. फुगीर काच, काळ्यावर हिरवी अक्षरे. इथे सगळे उलटले. समजा अक्षराची उजळी १०० आणि मागच्या काळ्याची ५, म्हणजे वीसपट फरक. काचेवरून परतलेला २० इतका उजेड दोन्हींत मिळवा: १२० आणि २५. फरक पाचपटही उरला नाही. कागदाला जो उजेड वाचवतो तोच स्क्रीनवरचे अक्षर खातो. मला वाटते, या विषयातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य हेच आहे, आणि आमच्याकडे खोलीत दिवे बसवताना ते अजून कुणी विचारात घेत नाही.

पहिला उपाय दिव्यांवर झाला. आरशासारख्या जाळ्या लावून उजेड सरळ खाली टाकायचा, स्क्रीनकडे जाऊ द्यायचा नाही. ब्रिटनमध्ये १९८९ साली तशी मार्गदर्शिकाच निघाली. स्क्रीन स्वच्छ झाल्या, पण छत आणि भिंतींचा वरचा भाग काळवंडला, खोल्या गुहेसारख्या वाटू लागल्या. २००१ मध्ये भिंती आणि छतही उजळले पाहिजेत, अशी दुरुस्ती करावी लागली.

त्याच १९८९ साली विल्किन्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्यूबचा दुसरा दोष मोजला. ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते जाणवत नाही. पण उच्च वारंवारतेचे इलेक्ट्रॉनिक चोक बसवल्यावर त्यांच्या पाहणीतल्या कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. आज स्वस्त एलईडी पट्ट्यांतही हाच लुकलुकाट परत आला आहे.

कोरड्या डोळ्यांचे खापर मात्र दिव्यावर फोडू नये. डोळा ओला राहतो तो पापण्यांच्या उघडझापीने, आणि जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये ती मोजली: निवांत बसल्यावर मिनिटाला सरासरी २२, पुस्तक वाचताना १०, स्क्रीनसमोर ७.

आमच्याकडे संगणक घराघरातल्या बोलण्यात आला तो जमिनीच्या उताऱ्यामुळे. २००० च्या आसपास ‘भूमी’ प्रकल्पात कर्नाटकातले सुमारे २ कोटी उतारे संगणकावर गेले, हाताने लिहिलेला उतारा बंद झाला आणि शेतकरी तालुक्याच्या खिडकीवर रांगेत उभा राहिला. वह्या गेल्या. दिवे बहुतेक ठिकाणी होते तिथेच राहिले.

पुढे सपाट, मॅट स्क्रीन आल्या आणि पांढऱ्यावर काळी अक्षरे रूढ झाली. झळाळी कमी झाली, पण आता स्क्रीनच दिवा बनली. खानापूरच्या पावसाळी संध्याकाळी वीज गेली की इन्व्हर्टरवर एवढी पांढरी चौकट उरते आणि भोवती अंधार. जुना ठोकताळा असा की स्क्रीन आणि तिच्या लगतचा भाग यांच्या उजळीत तिपटीहून जास्त फरक नसावा, आणि दूरच्या भिंतींशी दहापटीहून जास्त नसावा. स्क्रीनमागच्या भिंतीवर लहान दिव्याचा उजेड टाकला तरी हे साधते.

गेल्या श्रावणात मी माझे टेबल फिरवले. दार आता डाव्या हाताला आहे, ट्यूब डोक्यावरून बाजूला सरकवली आहे. पूर्वी मॉनिटर बंद केला की काळ्या काचेत रस्त्यावरची रिक्षा नंबरासकट दिसायची. आता माझा चेहरा दिसतो, आणि मागे कपाटातल्या फायली.