रोटेटर कफ संधिविकार

रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मोठ्या प्रमाणात फाटून वर्षानुवर्षे तशाच राहिल्या की खांद्याच्या सांध्याची एक विशिष्ट झीज होते, तिला हे नाव आहे. अमेरिकी अस्थिशल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. हा विकार बहुधा साठीनंतर, स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. फाटलेला प्रत्येक कफ मात्र या थराला जात नाही.

खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा तीत जेमतेम टेकलेला असतो. कफच्या चार स्नायूंच्या कंडरा त्याला खोबणीत दाबून धरतात, म्हणूनच बाहेरच्या डेल्टॉइड स्नायूला हात उचलता येतो. कफ निकामी झाला की डेल्टॉइडच्या ओढीने माथाच वर सरकतो, अंसकूटाला (खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या टोकाला) घासतो आणि कूर्चा, म्हणजे हाडांवरचे गुळगुळीत आवरण, झिजते. एरवी या दोन हाडांत साधारण ७ ते १४ मिमी. अंतर असते, एक्स-रेत ते घटलेले, कधी पुरते नाहीसे झालेले दिसते. म्हणजे मूळ बिघाड स्नायूंच्या तोलातला. झीज त्यामागून येते.

रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, केस विंचरणे अवघड होते, सांध्यात पाणी साठते. दुसऱ्याने उचलला तर हात बराच वर जातो, सोडला की खाली पडतो. फ्रोझन शोल्डरमध्ये तो दुसऱ्यालाही उचलता येत नाही. ही तपासणी मिनिटभराची आहे. ती न करता ‘वयोमानाचे दुखणे’ म्हणून रुग्णाची बोळवण करणे योग्य नव्हे.

सुरुवातीला वेदनाशामके, डेल्टॉइड बळकट करणारे व्यायाम आणि गरजेपुरते स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने दुखणे कमी होऊ शकते, पण झीज भरून येत नाही. नेहमीचा कृत्रिम सांधा येथे टिकत नाही, कारण वर सरकलेला माथा खोबणीतला भाग एका कडेला दाबत राहतो व तो सैल होतो. फ्रान्सचे अस्थिशल्यविशारद पॉल ग्रामाँ यांनी १९८०च्या दशकात रचनाच उलटी केली: गोळा खोबणीच्या जागी, वाटी दंडाच्या हाडावर. त्यामुळे सांध्याचे फिरण्याचे केंद्र आत व खाली येते आणि एकटा डेल्टॉइड हात वर नेऊ शकतो. हात बाहेरच्या बाजूला वळवण्याची ताकद मात्र बरेचदा कमीच राहते. सांधा निखळणे, जंतुसंसर्ग, अंसकूटाला तडा जाणे हे धोके आहेत. डेल्टॉइड किंवा त्याची चेता (मज्जातंतू) निकामी असेल, तर ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत.