द्राक्षाचा मणी आणि मावशीचा डोळा

पंचवटीतल्या माझ्या मावशीचा नंबर उणे १८. पन्नाशीनंतर तिचा डावा डोळा हळूहळू नाकाकडे आणि खाली वळू लागला, एकाची दोन दिसू लागली. शेजारणींचं निदान तयार होतं: "जाड भिंगांनी डोळा ओढला." कुणी म्हणालं, "शीर कमजोर झाली." दोन्ही चूक. स्नायूत जोर असतो, पण स्नायूच जागेवरून घसरलेला असतो.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर. तो मिलिमीटरभर लांबला की नंबर अडीच-तीनने चढतो. मावशीचा डोळा तीस मिलिमीटरच्या घरात असणार! नाशिककरांच्या भाषेत, थॉमसन द्राक्षाचा लांबट सोनाका झाला. खोबण मात्र तेवढीच.

डोळा हलवणाऱ्या सहा स्नायूंपैकी चार सरळ: वरचा, खालचा, नाकाकडचा, कानाकडचा. वरचा आणि कानाकडचा यांना एक पातळ पट्टा जोडून ठेवतो. लांबलेल्या डोळ्याची मागची बाजू तो पट्टा ताणते आणि दोघांच्या फटीतून वर-बाहेर निसटते. द्राक्षाचा मणी चिमटीत दाबून बघा, तसंच. मागचं टोक वर-बाहेर गेलं म्हणजे बुबुळ खाली-आत आलंच. त्यात कानाकडचा स्नायू खाली घसरतो, वरचा नाकाकडे सरकतो. मग कानाकडच्याने कितीही जोर लावला तरी डोळा बाहेर जायचा सोडून खाली ओढला जातो, आणि वरचा त्याला आत खेचतो. नाकाकडच्याला अडवणारं कुणी उरत नाही, तो आखडत जातो.

पूर्वी याला 'जड डोळा' म्हणत, जणू तो वजनाने झुकतो. एमआरआयमध्ये घसरलेले स्नायू दिसले आणि ती समजूत मागे पडली. जपानच्या योकोयामा यांची २००१ची शस्त्रक्रिया सरळ आहे: वरच्या आणि कानाकडच्या स्नायूंचे पोटभाग मागे टाक्याने एकत्र बांधायचे, की डोळा पुन्हा स्नायूंच्या मधोमध बसतो. नाकाकडचा फारच आखडला असेल तर तोही सैल करतात.

एवढा नंबर असलेल्या सगळ्यांनाच हे होत नाही. पण 'व्यायामाने चष्मा घालवा' म्हणणाऱ्यांना विचारा, लांबलेला डोळा कोणत्या व्यायामाने आखूड होतो? लेझरनेही होत नाही, ते फक्त डोळ्याची पुढची पारदर्शक काच घासतं.

हे सगळं ऐकून मावशीने विचारलं, "मग ऑपरेशननंतर चष्मा जाईल ना?" नाही, मावशी. डोळा सरळ होईल, लांबी तीच राहील. चष्मा आणि दरवर्षीची पडद्याची तपासणी, दोन्ही चालूच.