इंजिनात काही पडलं? आधी सेल्फ मारणं थांबवा

एअर फिल्टर बदलताना, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार) पुसताना किंवा स्पार्क प्लग काढताना हातातला नट, वायसर नाहीतर क्लिप सुटते, 'टक्' असा आवाज येतो आणि वस्तू दिसेनाशी होते. अशा वेळी चावी फिरवू नका. "एकदा मारून बघू, निघून जाईल" असं म्हणूनसुद्धा नाही. बंद इंजिनात पडलेला नट बहुतेक वेळा हेड (सिलिंडरवरचं झाकण) न खोलता काढता येतो. सेल्फ मारला की ती खात्री राहत नाही.

पिस्टन पूर्ण वर आला की त्याची सपाट कड आणि हेड यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. दहाचा पाना लागतो तो नेहमीचा नट 5 मिमी जाड असतो. तो मध्ये सापडला की पिस्टनवर खड्डे पडतात, प्लगचं टोक चेपतं, व्हॉल्व्ह (झडप) वाकतो. डिझेलमध्ये तर जागा आणखी कमी.

चावी काढून घ्या. बटण स्टार्ट असेल तर चावी गाडीपासून लांब ठेवा. हायब्रिड गाडी चालू ('रेडी') ठेवली तर तिचं इंजिन आपणहून सुरू होऊ शकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. गाडी गिअरमध्ये ठेवू नका. सोसायटीत मागची गाडी काढायला वॉचमन आपल्या गाडीला धक्का देतो, आणि गिअरमधली गाडी सरकली की इंजिनही फिरतं. न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकाला दगड, एवढं पुरे. ऑटोमॅटिक असेल तर 'पी'.

घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) पेट्रोलची वाफ असते आणि क्लीनरच्या मोटरला ठिणगी असते. हवेचा पाइपही नको, वस्तू आणखी आत जाते. थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका. बहुतेक नव्या गाड्यांत ती मोटरवर चालते, आतले प्लास्टिकचे दाते तुटू शकतात.

वस्तू थ्रॉटलच्या अलीकडे पडली असेल तर निम्मं काम झालं. बंद गाडीत पाकळी जवळजवळ मिटलेली असते, वस्तू बहुधा रबरी पाइपाच्या वळणात सापडते. पलीकडे गेली असेल तर मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. त्याच्या नळ्या वळणदार असल्याने जड नट अनेकदा तळाशीच बसून राहतो. टर्बो गाडीत आम्ही गॅरेजवाले टर्बोच्या तोंडाचा पाइप आधी तपासतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या त्याच्या पंख्याला बारीक वायसरही पुरतं.

मॅनिफोल्ड उतरल्यावर प्रत्येक पोर्टमध्ये (हेडमधल्या हवेच्या तोंडात) कॅमेरा घालून बघतो. व्हॉल्व्ह मिटलेला असेल तर वस्तू त्याच्या पाठीवर असते, चिमट्याने निघते. उघडा असेल तर ती सिलिंडरमध्ये गेली असू शकते, कारण व्हॉल्व्ह साधारण 8 ते 10 मिमी उघडतो आणि आडवा नट त्यातून सरकतो. मग प्लगच्या भोकातून कॅमेरा आणि चुंबक. अ‍ॅल्युमिनियम, पितळ, प्लास्टिक आणि बऱ्याचशा स्टेनलेसला चुंबक धरत नाही. म्हणून पडलेल्या वस्तूची जोडीदार वस्तू सोबत आणा. काय शोधायचं आणि कशाने, ते लगेच ठरतं.

इंजिन थोडंसं जरी फिरलं असेल तर आम्ही सगळेच सिलिंडर बघतो. व्हॉल्व्ह उघडताना तुकडा उलटा मॅनिफोल्डमध्ये उडतो आणि शेजारचा सिलिंडर तो ओढून घेतो. एकाच सिलिंडरवर थांबलेल्या मिस्त्रीचं काम अशा गाडीत परत निघतं.

वस्तू मिळाल्यावर प्लग बाहेर ठेवून क्रँक पुलीला पाना लावतो आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो. कुठे अडलं तर जोर करत नाही, परत कॅमेरा. मग कॉम्प्रेशन (सिलिंडर हवा किती दाबतो ते) मोजतो. सिलिंडरमधला फरक 10-15 टक्क्यांपलीकडे असेल तर व्हॉल्व्ह बसत नाही असं समजायचं आणि हेड उतरवायचं. पिस्टनवर नुसता बोथट डाग असेल आणि कॉम्प्रेशन बरोबर असेल तर उगाच इंजिन खोलायला आम्ही सांगत नाही. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागणारी उभी रेघ असेल तर मात्र ऑइल जळणार, निळा धूर येणार.

बाहेरून सीएनजी किट बसवताना गॅसच्या नोझलसाठी मॅनिफोल्डला भोकं पाडतात. मॅनिफोल्ड न उतरवता ड्रिल चालवलं तर कीस थेट व्हॉल्व्हवर पडतो. किट बसवणाऱ्याला मॅनिफोल्ड उतरवूनच भोकं पाडायला सांगा आणि समोर उभे राहा. चिंधी खोचून काम भागत नाही, कधी चिंधीच आत राहते.

सबवेत पाणी शिरून बंद पडलेल्या गाडीलाही हाच नियम, सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी धक्का स्टार्ट करून आणू नका, क्रेनवर आणा. साध्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत, तरी दावा करायचा विचार असेल तर गाडी खोलण्याआधी विमा कंपनीला कळवा. गॅरेजला फोन करताना मॉडेल, इंधन, काय पडलं, कुठून पडलं आणि त्यानंतर सेल्फ मारला का, हे सांगा. मारला असेल तर लपवू नका. त्यावरच कुठून सुरुवात करायची ते ठरतं.