कृष्णेचे पाणी: ‘विश्वासार्हता’ आणि ‘मुभा’ या दोन शब्दांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न असतो, “आयर्विनला किती फूट?” दुसरा, “कोयनेतून किती सोडलं?” पहिला प्रश्न आयर्विन पुलापाशी कृष्णा किती चढली याचा, त्याचे उत्तर फुटांत येते. दुसरा कोयना धरणातल्या विसर्गाचा, त्याचे क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट यात, आणि राज्याराज्यांचा वाद टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत चालतो. सेकंदाला ११,५७४ घनफूट पाणी चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होते. म्हणजे लाखभर क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी खाली जाते. हा हिशोब हाताशी नसला की पुराच्या बातम्या आणि पाणीवाटपाच्या बातम्या दोन वेगळ्या नद्यांच्या वाटू लागतात.

कृष्णेचे पाणी मोजण्याची परंपरा तिच्या मुखाकडून सुरू झाली. त्रिभुज प्रदेशातल्या शेतीसाठी १८५५ मध्ये विजयवाड्याला बंधारा पूर्ण झाला आणि पुढे तिथल्या नोंदीच सगळ्या खोऱ्याचा आधार बनल्या. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माण-आटपाडीत पाचशेच्या आसपास. पण नदीत एकूण पाणी किती, हे ठरले शेवटच्या बंधाऱ्यावरून, त्यात वरच्या भागात वापरलेल्या पाण्याची भर घालून.

पहिली वाटणी १९५१ ची, दिल्लीतल्या बैठकीत झालेली. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने तिला मान्यता दिली नाही. पाच वर्षांत राज्यांच्या सीमाच बदलल्या आणि ज्यांच्यात वाटणी झाली होती ती राज्ये त्या रूपात उरली नाहीत. १९६९ मध्ये हा वाद सोडवायला लवाद नेमला गेला, डिसेंबर १९७३ मध्ये त्याचा निवाडा आला आणि मे १९७६ मध्ये तो राजपत्रात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००, एकूण २०६० टीएमसी. शेताला दिलेले पाणी झिरपून पुन्हा नदीला मिळते, त्यापोटी आणखी ७० टीएमसी धरले. त्यातले २५ महाराष्ट्राचे.

खरा गुंता या २०६० मध्ये आहे. हे ‘७५ टक्के विश्वासार्हतेचे’ पाणी. अनेकांना वाटते की नदीत असलेल्या पाण्यापैकी पाऊण हिस्सा वाटला आणि पाव हिस्सा राखून ठेवला. अगदी शिकलेली माणसे सभांमध्ये असे बोलताना मी ऐकली आहेत. तसे नाही. १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांचे आकडे उतरत्या क्रमाने लावले आणि चारपैकी तीन वर्षे किमान जेवढे पाणी आले तो आकडा धरला. ही टक्केवारी वर्षांची आहे, पाण्याची नाही. चौथ्या वर्षी पाणी त्याहून कमी असणार हे गृहीत आहे, आणि उरलेल्या बहुतेक वर्षी ते जास्त असणार हेही.

मग जास्तीच्या पाण्याचे काय? तूट आणि वाढावा दोन्ही वाटून घेणारी एक पर्यायी योजना लवादासमोर होती. त्यासाठी सगळ्या खोऱ्याचे एक प्राधिकरण लागणार होते आणि त्यावर राज्यांची संमती झाली नाही. म्हणून लवादाने उरलेले पाणी वापरण्याची मुभा सर्वांत खालच्या राज्याला, म्हणजे आंध्रला दिली, हक्क मात्र दिला नाही. मराठीत ‘मुभा’ आणि ‘हक्क’ यांतला फरक शाळकरी मुलालाही कळतो. पण मुभेच्या पाण्यावर कालवे खोदले गेले, त्या कालव्यांवर शेती उभी राहिली, आणि वीस-पंचवीस वर्षे पिकवलेल्या रानात जाऊन ‘ही फक्त मुभा होती’ असे सांगणे कुणालाच शक्य उरले नाही. माझ्या मते कृष्णेच्या वादातली सर्वांत महागडी चूक हीच. खोऱ्याचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्याचा पाऊस महाराष्ट्रात आहे, पण जास्तीचे पाणी अडवायचे कुणी हे त्या एका शब्दाने परस्पर ठरवून टाकले.

याच खोऱ्यातले पाणी पश्चिमेलाही वळते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून वीज करून कोकणात उतरते. त्याला निवाड्याने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला होता, तेही पाणी भीमेच्या, म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यातले. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. चेन्नईच्या पिण्यासाठी तिन्ही राज्यांनी आपापल्या वाट्यातून पाच-पाच टीएमसी द्यायचे १९७६ मध्येच ठरले. ते पाणी तिथे पोहोचायला १९९६ उजाडले.

निवाड्याच्या फेरविचाराची तारीख ३१ मे २००० नंतरची होती. दुसरा लवाद २००४ मध्ये नेमला गेला. ३० डिसेंबर २०१० च्या निवाड्यात त्याने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांचे आकडे घेतले. ७५ टक्क्यांचा आकडा २१७३ निघाला, ६५ टक्क्यांचा २२९३, सरासरी २५७८. आधीच्या वाटपाला हात न लावता बाकीचे ४४८ टीएमसी वाटले: महाराष्ट्राला ८१, कर्नाटकाला १७७, आंध्रला १९०. झिरपून परतणारे ७० टीएमसी धरून एकूण वाटे ६६६, ९११ आणि १००१. तीन वर्षांनी किरकोळ दुरुस्ती झाली, चार टीएमसी कर्नाटकाकडून आंध्रकडे गेले. म्हणजे मुभेचे पाणी हक्कात आले. खालच्या राज्याची तक्रार अशी की सरासरीवर वाटले तर कोरड्या वर्षाचा फटका शेवटच्या धरणाला बसतो. तक्रार खोटी नाही. पण वरच्या अंगाला दुष्काळी तालुके आहेत आणि त्यांनी ८१ वर समाधान मानावे, हे मला आजही पटत नाही.

कर्नाटकाच्या १७७ पैकी १३० टीएमसी अलमट्टीच्या, म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला कृष्णेवर असलेल्या कर्नाटकातल्या धरणाच्या विस्तारासाठी होते, म्हणून धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत नेण्यास परवानगी मिळाली. इथून पुढे वादाचे रूप पालटले. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचे पाणी वाढत दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नानासाठी लोक रात्री-अपरात्री धावतात. चढते पाणी इथे पिढ्यान्‌पिढ्या पुण्याचे मानले गेले. २००५ च्या महापुरानंतर तेच पाणी चढू लागले की लोक अलमट्टीचा आकडा शोधतात. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ आहे. नंतरच्या अभ्यासात मुख्य दोष अतिवृष्टीवर आला, अलमट्टीवर नाही. पूररेषेतल्या गावांचे त्याने समाधान झाले नाही.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा निवाडा राजपत्रात छापण्यास मनाई केली. २०१४ मध्ये आंध्रचे विभाजन झाले, आणि जुन्या ८११ ची (८०० आणि झिरपून परतणारे ११) ५१२ व २९९ अशी तात्पुरती विभागणी घेऊन आंध्र आणि तेलंगणा नव्याने भांडू लागली. त्यामुळे राजपत्रात आलेले आकडे अजून १९७६ चेच आहेत: ५६०, ७००, ८००.