स्प्लाइनमधला एस आला कुठून?

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसभर व्हॉट्सॲपवर फिरत असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. हौशी मंडळी ते आकडे पायथॉनमध्ये टाकून ग्राफ काढतात, पण वाचताना इंचभर इकडंतिकडं होतंच, रेघ दातेरी येते, मग कुणीतरी म्हणतं स्प्लाइन मार, म्हणजे बिंदूंच्या आसपासून गुळगुळीत वळणारी रेघ काढ, आणि स्प्लाइन मारायला गेलं की फंक्शन एक आकडा मागतं, एस, म्हणजे ही रेघ बिंदूंपासून एकूण किती लांब गेलेली चालेल. बहुतेक जण तो अंदाजानं ठोकून देतात नाहीतर रिकामा सोडतात. त्या एसमागं दोन अगदी वेगळ्या धंद्यांचा इतिहास आहे आणि तो माहीत असला की आकडा ठरवणं बरंच सोपं जातं.

पहिला धंदा जहाजबांधणीचा. जहाजाच्या सांगाड्याची वळणं पूर्ण मापात आखायला लाकडाची पातळ लवचिक पट्टी घ्यायचे, ठरलेल्या बिंदूंवरून वळवायचे आणि शिशाच्या वजनांनी दाबून धरायचे. मधल्या जागेत पट्टी आपोआप असा आकार घेते की वाकायला कमीत कमी जोर लागावा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचे नमुने करणाऱ्या पॅटर्नवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. गणितात मांडलं तर दोन वजनांच्या मधे तिसऱ्या घाताची बहुपदी येते आणि जोडावर उतार आणि वाक दोन्ही जुळतात. पण यात बिंदू बरोबर आहेत हे धरूनच चाललेलं असतं, पट्टी प्रत्येक वजनाला टेकलीच पाहिजे.

दुसरा धंदा विम्याचा. कुठल्या वयाला किती माणसं दगावतात याचे तक्ते मोजणीतून येतात, त्यामुळं ४१ व्या वर्षाचा आकडा ४० आणि ४२ पेक्षा उगाच उडी मारतो, आणि हप्ता तर त्यावरच ठरवायचा. १९२३ मध्ये एडिंबरोच्या एडमंड व्हिटेकरनं यावर फार सुंदर तोड काढली: मूळ आकड्यांपासून आपण किती लांब गेलो ते एकीकडं मोजा, रेघ किती खडबडीत आहे ते दुसरीकडं मोजा, खडबडीतपणाला एका आकड्यानं गुणा आणि दोन्हीची बेरीज कमीत कमी करा. तो गुणायचा आकडा वाढवला की रेघ गुळगुळीत, कमी केला की डेटाच्या जवळ. मला तर या सगळ्या कथेतलं सगळ्यात मोठं पाऊल हेच वाटतं, कारण डेटावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न इथं उघडपणे मांडला गेला.

दोन्ही धागे एकत्र यायला महायुद्ध लागलं. आयझॅक शोनबर्ग अमेरिकी लष्कराच्या ॲबर्डीनच्या बॅलिस्टिक लॅबमध्ये होते, तोफगोळ्याचा मार्ग काढायला हवेच्या विरोधाचे तक्ते लागायचे आणि ते प्रयोगातून आलेले म्हणजे दातेरीच. १९४६ च्या त्यांच्या पेपरात स्प्लाइन हे नाव गणितात आलं, १९६४ मध्ये त्यांनी ते थेट विमावाल्यांच्या प्रश्नाला जोडलं, आणि १९६७ मध्ये म्युनिकच्या ख्रिश्चन राइन्शनं आल्गोल या तेव्हाच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रोग्रॅमसकट पेपर छापला. त्याची अट अशी की रेघ प्रत्येक बिंदूपासून जितकी लांब जाते ते अंतर त्या बिंदूच्या अपेक्षित चुकीनं भागा, वर्ग करून बेरीज घ्या, ती एसच्या आत राहिली पाहिजे, आणि तेवढ्यात जी रेघ सगळ्यात कमी वाकते ती घ्या. असा एकेक वर्ग सरासरी एकच्या आसपास येतो, म्हणजे एस साधारण बिंदूंच्या संख्येइतका.

पुढचं भराभर झालं. १९७२ मध्ये कार्ल डी बूर आणि मॉरिस कॉक्स यांनी स्वतंत्रपणे बी-स्प्लाइन, म्हणजे ज्यांची बेरीज करून स्प्लाइन बांधतात ते छोटे तुकडे, काढायची भरवशाची रीत दिली, लूवेनच्या पॉल डिअर्क्सनं फिटपॅक नावाची फॉरट्रान लायब्ररी लिहिली, आणि सायपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीतली जुनी स्प्लाइन फंक्शन्स वर्षानुवर्षं आतून तीच चालवत आलीत. राइन्शचा एस असा आपल्या लॅपटॉपपर्यंत पोचला.

आता समजा दर तासाची १० दिवसांची, म्हणजे २४० वाचनं आहेत आणि प्रत्येकात चूक ०.१ फुटाची. वजनं, म्हणजे कुठल्या बिंदूवर किती विश्वास ठेवायचा ते आकडे, दिली नाहीत तर सायपायचं युनिव्हेरिएट स्प्लाइन हे फंक्शन एस म्हणून सरळ २४० धरतं, म्हणजे दर बिंदूमागं सरासरी फूटभर चूक चालेल असं आपण त्याला सांगितलं. खरा एस २४० गुणिले ०.०१ म्हणजे २.४ पाहिजे. शंभर पट फरक! राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर काही तासांनी चढणारं पाणी त्या रेघेत सपाट होऊन जाऊ शकतं, आणि ४२ की ४३ हे ठरवायच्या वेळी ते परवडणारं नाही. त्यात भर म्हणजे त्याच लायब्ररीतलं एसपीएलरेप हे फंक्शन वजनं नसली की एस शून्य धरतं, म्हणजे थेट जहाजाची पट्टी, प्रत्येक बिंदूला टेकणारी. आणि फुटाचे इंच केले तर तोच एस १४४ पट कडक होतो. म्हणून प्रत्येक बिंदूला एक भागिले चूक, इथं १०, असं वजन द्यावं आणि मग २४० ठेवावा.

चूक किती तेच माहीत नसेल तर ग्रेस वाहबा आणि पीटर क्रेव्हन यांची १९७९ ची रीत आहे. ती गुळगुळीतपणाचा आकडा डेटावरूनच निवडते, आणि २०२३ च्या सायपाय १.१० पासून मेक स्मूदिंग स्प्लाइन या फंक्शनमध्ये ती आयती मिळते. फक्त एक, ती धरून चालते की प्रत्येक वाचनाची चूक स्वतंत्र आहे. पाणी मोजायची पट्टीच कललेली असेल किंवा रात्रभर एकच माणूस जरा वरचंच वाचत असेल, तर शेजारशेजारच्या चुका एकसारख्या येतात आणि ही रीत त्यांनाच खरं पाणी समजून रेघ हवी त्यापेक्षा जास्त वळवते.